आधी डिस्क, मग वीज

संगणक स्लीपला जातो तेव्हा हार्ड डिस्क आणि एसएसडीचे नेमके काय होते, यावर आलेल्या पत्रांपैकी सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. आदेशांची आणि फायलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत; संगणकावर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करावीत.

प्रश्न (सांगली) : डेस्कटॉपमध्ये २ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क आहे. स्लीप केले की आतून ‘टक्’ असा आवाज येतो. स्मार्टच्या (डिस्कने स्वतःच ठेवलेल्या तब्येतीच्या नोंदींच्या) तक्त्यात १९२ क्रमांकापुढचा आकडाही रोज वाढतो आहे. डिस्क जायला आली आहे का?

उत्तर : आवाजाला घाबरू नका, आकड्याकडे मात्र लक्ष द्या.

फिरत्या तबकडीवर डिस्कचे हेड, म्हणजे माहिती वाचणारे-लिहिणारे टोक, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. त्याला आधार फक्त तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेचा. तबकडी थांबली की हवा थांबणार आणि हेड खाली टेकणार, म्हणून त्याआधीच ते कडेच्या रॅम्पवर जाऊन बसले पाहिजे. संगणक स्लीपला जाताना ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कला दोन आदेश देते. कॅशमध्ये (डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत) जे काही राहिले असेल ते तबकडीवर लिहून टाक, हा पहिला. हेड बाजूला घे आणि मोटर थांबव, हा दुसरा. त्याचे नाव ‘स्टँडबाय इमिजिएट’. दोन्हींची पोच मिळाल्यावरच मुख्य वीज तोडली जाते. या क्रमाने सगळे झाले तर जो हलका टक् ऐकू येतो तो हेड रॅम्पवर बसल्याचा, आणि त्यामागोमाग मोटर मंदावत गेल्याचा आवाज येतो. ते उत्तम.

वीजच आधी गेली तर डिस्क स्वतःला वाचवते. अजून फिरत असलेल्या तबकड्यांमुळे मोटर जनित्रासारखी चालते आणि त्या उरल्यासुरल्या विजेवर हेड झटक्याने मागे ओढले जाते. हा आवाज जास्त टणक आणि एकदम येतो. १९२ हा आकडा मुख्यतः अशा आणीबाणीच्या माघारीचा. साध्या पार्किंगची सोय आजच्या डिस्कमध्ये सहसा ३,००,००० ते ६,००,००० वेळांची असते. आणीबाणीच्या माघारीसाठी काही लॅपटॉप डिस्कच्या माहितीपत्रकांत फक्त २०,००० चा आकडा दिलेला असतो. शिवाय कॅशमधले न लिहिलेले काम जाते ते वेगळेच.

पण काही उत्पादक १९२ मध्ये साधे बंद होणेही मोजतात, तेव्हा एकट्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. असे करा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा लिनक्सवर स्मार्टसीटीएल उघडून ४, १२, १९२ आणि १९३ या क्रमांकांपुढचे आकडे कागदावर उतरवा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हे क्रमांक षोडशमान पद्धतीने असतात. तिथे १९२ म्हणजे सी-शून्य आणि १९३ म्हणजे सी-एक. कच्चे आकडेही त्याच पद्धतीने दिसतात, म्हणून मेनूतून आधी दशमान निवडा. मग शिफ्ट कळ दाबून ठेवून तीन वेळा पूर्ण शटडाउन करा आणि आकडे पुन्हा पाहा. त्यानंतर तीन वेळा स्लीप करा, पुन्हा पाहा. दोन्ही वेळा १९२ सारखाच वाढला तर तो तुमच्या डिस्कच्या मोजणीचा भाग आहे. शटडाउनला जागचा हलला नाही आणि स्लीपला मात्र तीनने वाढला, तर दोष स्लीपच्या वाटेवर आहे.

तो दोष कुठे असतो? सर्वांत आधी भिंतीवरचे बटण तपासा, म्हणजे आपली सवय तपासा. स्लीप निवडायचे, पडदा काळा झाला की लगेच बटण बंद करून उठायचे, असे घरोघरी चालते. पडदा आधी काळा होतो आणि डिस्क त्यानंतर थांबते. मध्ये काही सेकंद जातात. पंखा थांबून पॉवरचा दिवा लुकलुकू लागेपर्यंत बटणाला हात लावू नका. खरे तर त्यानंतरही लावू नका, कारण स्लीपमध्ये रॅमला वीज लागतेच आणि ती गेली की उघडी कामे जातात. बटण बंदच करायचे असेल तर हायबरनेट (रॅममधले सगळे डिस्कवर लिहून पूर्ण बंद होणे) वापरा.

दुसरे कारण मधला दुभाषा. डिस्क थेट मदरबोर्डला न लावता रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावर) किंवा यूएसबीच्या डब्यात असेल तर मोटर थांबवण्याचा आदेश तिथेच अडकू शकतो. लिनक्सवर हे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत स्पष्ट दिसते. डीमेसेज आदेश चालवला की स्लीपच्या वेळी ‘सिंक्रोनायझिंग स्कझी कॅश’ आणि त्याखाली ‘स्टॉपिंग डिस्क’ अशा दोन ओळी दिसायला हव्यात. पहिली आहे आणि दुसरी नाही, तर कर्नल मोटर थांबवतच नाही. तेव्हा सिस-क्लास-स्कझी_डिस्क या फोल्डरमध्ये त्या डिस्कच्या नावाखालच्या मॅनेज_सिस्टिम_स्टार्ट_स्टॉप या फायलीत १ लिहा. जुन्या कर्नलमध्ये या फायलीच्या नावात ‘सिस्टिम’ हा शब्द नसतो. ही नोंद संगणक पुन्हा सुरू केल्यावर पुसली जाते. ती टिकवायची तर यूडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणे ओळखून मांडणाऱ्या सेवेचा) नियम लिहावा लागतो.

तिसरे कारण साधे आहे : साटाच्या पॉवर केबलचा ढिला कनेक्टर. केबल काढून घट्ट बसवा, एकाच वायरीवर लोंबकळणारे जादा स्प्लिटर कमी करा.

दिवसातून दहा वेळा स्लीप केल्याने डिस्क झिजेल, ही भीती मनातून काढून टाका. साडेतीन इंची घरगुती डिस्कला सहसा ५०,००० वेळा सुरू-बंद होण्याची मुभा असते. रोज दहा म्हणजे वर्षाला ३,६५०. ५०,००० गाठायला तेरा वर्षांहून जास्त लागतील.

प्रश्न (पुणे) : लिनक्सवर एचडीपार्म (डिस्कची सेटिंग बदलण्याचा आदेश) वापरून हार्ड डिस्क २० मिनिटांनी थांबेल असे लावले आहे. संगणक सुरू केल्यावर ते चालते, पण एकदा स्लीप होऊन जागा झाला की डिस्क थांबतच नाही.

उत्तर : स्लीपमध्ये डिस्कची वीज पूर्ण तोडली जाते आणि एचडीपार्मने दिलेली वेळ डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीत असते. वीज गेली की डिस्क कारखान्यातून आली तशी होते. म्हणून जाग आल्यावर आदेश पुन्हा द्यायला हवा.

डेबियन आणि उबुंटूमध्ये एचडीपार्मचे पॅकेज हे स्वतः करते. त्यासाठी तुमची निवड ईटीसी फोल्डरातल्या एचडीपार्म डॉट कॉन्फ फायलीत असायला हवी. टर्मिनलवर एकदा टाइप केलेला आदेश पुरत नाही. इतर वितरणांत यूएसआर-लिब-सिस्टिमडी-सिस्टिम-स्लीप या फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा. सिस्टिमडी (लिनक्सच्या सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) या फोल्डरमधल्या प्रत्येक स्क्रिप्टला झोपण्याआधी ‘प्री’ आणि जागे झाल्यावर ‘पोस्ट’ हा शब्द पहिला म्हणून देते. पहिला शब्द ‘पोस्ट’ असेल तेव्हाच एचडीपार्म चालवायचे, एवढेच त्यात लिहा. स्क्रिप्टला चालण्याची परवानगी द्यायला विसरू नका. ती नसेल तर सिस्टिमडी तक्रार न करता पुढे जाते आणि चूक शोधत बसावे लागते. डिस्कचे नाव एसडीए असे लिहू नका. दुसरी डिस्क लावली की ही नावे बदलतात. डेव्ह-डिस्क-बाय-आयडी फोल्डरमधले लांब नाव वापरा, त्यात डिस्कचा अनुक्रमांक असतो.

वेळेच्या आकड्यात अनेकांची गफलत होते. एचडीपार्मच्या आदेशातल्या मोठ्या एसपुढचा आकडा मिनिटांचा नाही. १ ते २४० पर्यंत प्रत्येक अंक ५ सेकंदांचा, म्हणून १२० म्हणजे १० मिनिटे आणि २४० म्हणजे २०. त्यापुढे २४१ ते २५१ प्रत्येक अंक अर्ध्या तासाचा. २४१ म्हणजे ३० मिनिटे, २४२ म्हणजे १ तास. वीस मिनिटे हवीत म्हणून २० लिहिले तर डिस्क १०० सेकंदांत थांबेल.

त्याच आदेशातल्या मोठ्या बीचा आकडा वेगळा आहे, तो डिस्कच्या स्वतःच्या वीजबचतीचा. १ ते १२७ मध्ये मोटर थांबवायला परवानगी, १२८ ते २५४ मध्ये नाही, २५५ म्हणजे ही सोयच बंद. इथे लोभ नको. हेड वारंवार बाजूला घेणाऱ्या डिस्कला लिनक्स अधूनमधून काहीबाही लिहून उठवत असते. दर ३० सेकंदांना एकदा हेड आत-बाहेर झाले तर दिवसाला २,८८० वेळा, म्हणजे ३,००,००० चा टप्पा साधारण १०४ दिवसांत. स्मार्टमधला १९३ चा आकडा, म्हणजे साध्या पार्किंगची मोजणी, तासाला शंभरने वाढताना दिसला तर मोठा बी २५४ वर न्या आणि मोटर थांबवण्याचे काम वेळेच्या आकड्यावर सोपवा.

प्रश्न (ठाणे) : लॅपटॉप नवा आहे, एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारची) एसएसडी. रात्री झाकण मिटून ठेवतो, सकाळी बॅटरी २० टक्क्यांनी उतरलेली असते. बॅगेत ठेवला तर गरमही होतो. एसएसडीला हलणारे भागच नाहीत, मग ती वीज कशी खाते?

उत्तर : हलत नाही म्हणून खात नाही असे नाही. एसएसडीत एक संगणकच बसलेला असतो.

एनव्हीएमई एसएसडीला झोपेच्या पायऱ्या असतात आणि त्या उत्पादकच ठरवून देतो. शून्याव्या पायरीवर ती पूर्ण जोमात, काही वॅट घेते. तिसऱ्या पायरीच्या सुमारास काही दहा मिलिवॅटपर्यंत उतरते आणि चौथीवर पुष्कळ एसएसडी ५ मिलिवॅटच्या आसपास येतात. जितकी खोल पायरी, तितका जागे व्हायला उशीर. हा तक्ता लिनक्सवर स्मार्टसीटीएलमध्ये दिसतो. प्रत्येक पायरीपुढे वॅट आणि आत-बाहेर होण्याचा वेळ मायक्रोसेकंदांत.

आता झाकण मिटल्यावरचे. जुन्या लॅपटॉपमध्ये एस-३ नावाची झोप होती : रॅम सोडून बाकी सगळ्यांची वीज बंद, एसएसडीचीही. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एस-शून्य ही हलकी झोप असते. तीत वीज तोडली जात नाही. प्रत्येक भागाने आपापली खोल पायरी गाठायची असते. त्यातला एक जरी जागा राहिला तरी प्रोसेसर सर्वांत खोल अवस्थेत जात नाही. एसएसडी आणि प्रोसेसर यांच्यामधली पीसीआय एक्सप्रेसची वाट जागी राहिली तर एसएसडीच्या वाट्याची वीज थोडी, पण तिच्यामुळे जागा राहिलेला प्रोसेसर जास्त खातो. ५० वॅट-तासांच्या बॅटरीतून सतत फक्त १ वॅट गेला तरी आठ तासांत १६ टक्के होतात. तुमचा आकडा याच्या जवळ आहे.

विंडोजवर प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडा. पॉवरसीएफजी, पुढे तिरपी रेघ आणि ए हे अक्षर दिले की तुमच्या लॅपटॉपला कोणकोणत्या झोपा येतात ते कळते. यादीत एस-शून्य असेल तर पॉवरसीएफजी तिरपी रेघ स्लीपस्टडी चालवा. त्यातून तयार होणारा अहवाल ब्राउझरमध्ये उघडा. प्रत्येक झोपेपुढे खोल अवस्थेत गेलेल्या वेळेची टक्केवारी असते आणि खाली जागे ठेवणाऱ्यांची यादी. टक्केवारी १०० च्या जितकी जवळ, तितकी झोप खरी. यादीत स्टोरेज कंट्रोलर वर असेल तर लॅपटॉपच्या उत्पादकाकडून स्टोरेजचा ड्रायव्हर, बायॉस आणि एसएसडीचे फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्रॅम) या क्रमाने अद्ययावत करा. एसएसडी तुम्ही स्वतः बदलून मोठी बसवली असेल तर संशय तिच्यावर जास्त घ्या; मूळ एसएसडीची त्या मदरबोर्डाबरोबर चाचणी झालेली असते, नव्या जोडीची नसते.

लिनक्सवर सिस-पॉवर फोल्डरमधली मेम_स्लीप ही फाइल वाचा. चौकटी कंसात ‘डीप’ असेल तर एस-३ चालू आहे, ‘एसटूआयडल’ असेल तर हलकी झोप. दोन्ही नावे दिसत असतील तर त्या फायलीत डीप लिहून एक रात्र पाहा. फक्त एसटूआयडल दिसत असेल तर मदरबोर्डात एस-३ नाहीच. मग पीसीआयई_एएसपीएम या मॉड्यूलची पॉलिसी ‘पॉवरसेव्ह’ करून पाहा. यातले काहीच लागू पडले नाही तर तासाभराने हायबरनेट होईल असे लावा. बॅगेत ठेवताना तर हायबरनेटच. गरम लॅपटॉप बंद बॅगेत राहणे बॅटरीला फार वाईट.

प्रश्न (नागपूर) : माझी एनव्हीएमई मधूनच गायब होते. इंटरनेटवर सांगितल्याप्रमाणे डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस शून्य केले. चालू असताना त्रास थांबला, पण स्लीपमधून उठल्यावर अजूनही कधीतरी अडकते.

उत्तर : ते सेटिंग जागेपणीच्या डुलक्यांचे आहे. काम नसताना एसएसडी आपणहून खालच्या पायरीवर जाते. शून्य दिले की ते बंद होते. झाकण मिटल्यावर एसएसडीला कुठे पाठवायचे हे ड्रायव्हर वेगळे ठरवतो, त्यावर या आकड्याचा परिणाम नाही.

आधी शून्य काढा, त्याने बॅटरी विनाकारण जाते. स्मार्टसीटीएलच्या तक्त्यात सर्वांत खोल पायरीचा बाहेर येण्याचा वेळ पाहा आणि त्याहून थोडा कमी आकडा द्या. तो वेळ ८,००० मायक्रोसेकंद असेल तर ५,५०० दिल्याने फक्त शेवटची पायरी टळते आणि वरची बचत राहते. स्लीपसाठी, वरच्या उत्तरातले डीप उपलब्ध असेल तर ते वापरा. त्यात ड्रायव्हर एसएसडीला रीतसर बंद करून पुन्हा सुरू करतो. नसेल तर कर्नलला सुरू होताना पीसीआयई_एएसपीएम ऑफ देऊन दोन दिवस पाहा. अशा वेळी हलक्या झोपेतही ड्रायव्हर एसएसडी पूर्ण बंद करतो. त्रास थांबला तर दोष खोल पायरीतून उठण्याचा हे सिद्ध झाले. मग एसएसडीच्या नव्या फर्मवेअरच्या मागे लागा. हा उपाय कायमचा ठेवू नका, बॅटरीला जड आहे.

साटा एसएसडी असलेल्यांनी जाता जाता एक पाहावे : लिंकच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘मिन_पॉवर’ निवडले असेल तर ते काढून ‘मेड_पॉवर_विथ_डीआयपीएम’ करा. पहिल्याने काही एसएसडींवर डेटा बिघडल्याची उदाहरणे आहेत. दुसरे त्यासाठीच कर्नल ४.१५ पासून आले आणि बचत जवळपास तेवढीच होते.

प्रश्न (कोल्हापूर) : लग्नाचे फोटो एक्स्टर्नल डिस्कवर ठेवतो. लॅपटॉप झोपून उठला की डिस्क नीट काढली नाही असा संदेश येतो, एकदा फोल्डरच उघडेना.

उत्तर : स्लीपमध्ये यूएसबीची वीज राहते की जाते हे मदरबोर्डावर अवलंबून असते. गेली तर पोर्टवरच चालणारी अडीच इंची डिस्क झटक्याने बंद पडते. वेगळा अडॅप्टर असलेली साडेतीन इंची डिस्क उलट रात्रभर फिरत राहते, कारण तिला कोणी थांब म्हणालेलेच नसते.

कॉपी चालू असताना झाकण मिटू नका, आणि झाकण मिटण्याआधी डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करा. दुसरा उपायच नाही. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या गुणधर्मांत ‘पॉलिसीज’ उघडून ‘क्विक रिमूव्हल’ निवडलेले आहे ना पाहा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून तेच आपोआप असते, पण एखाद्या डिस्कसाठी बदललेले असू शकते. सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. लॅपटॉप झोपलेला असताना डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावायची, तिथे फोटो भरायचे आणि परत आणून लावायची, हे कधीही करू नका. लिनक्स तर उठल्यावर ती तीच जुनी डिस्क समजून आपल्या आठवणीतली जुनी माहिती तिच्यावर लिहू शकते. फोटो एकाच डिस्कवर असतील तर आजच दुसरी प्रत करा.

प्रश्न (जालना) : आमच्याकडे लाइट वारंवार जाते. डेस्कटॉप स्लीपमध्ये असताना गेली तर डिस्क खराब होते का? दुसऱ्या डिस्कमध्ये लिनक्सही आहे.

उत्तर : स्लीप पूर्ण झालेली असेल तर हार्ड डिस्क आधीच थांबलेली असते, तिला काही होत नाही. जाते ते रॅममधले उघडे काम. डेस्कटॉपवर यासाठी हायब्रिड स्लीप आहे : रॅमची प्रत डिस्कवर लिहून मग स्लीप. लाइट राहिली तर लगेच उठतो, गेली तर प्रतीवरून. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडा, स्लीपखाली ते सापडेल. एस-शून्य झोपेच्या संगणकांत ते दिसत नाही. लिनक्सवर यासाठी पुरेशी स्वॅप (रॅममधले ठेवायला डिस्कवर राखलेली जागा) लागते. रॅमइतकी ठेवली तर निश्चिंत.

दोन सिस्टिम असल्याने एक पथ्य मात्र कडक पाळा. विंडोज हायबरनेट असताना, आणि फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर साध्या शटडाउननंतरही, विंडोजचे विभाग अर्धवट उघडे असतात. लिनक्समधून त्यांवर जबरदस्तीने लिहिले तर फाइल सिस्टिम मोडते. पॉवरसीएफजी तिरपी रेघ एच ऑफ या आदेशाने हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात, पण मग वर सांगितलेली हायब्रिड स्लीपही जाते. तुम्हाला ती हवी आहे, म्हणून फक्त फास्ट स्टार्टअपची खूण काढा आणि विंडोज हायबरनेट किंवा स्लीपमध्ये असताना लिनक्स सुरू करू नका.

प्रश्न (मडगाव) : सर्व्हरमधली जुनी मोठी डिस्क स्वस्तात मिळाली. घरच्या डेस्कटॉपला लावली तर फिरतच नाही. यूएसबीच्या डब्यात मात्र चालते.

उत्तर : डिस्क चांगली आहे. साटाच्या पॉवर कनेक्टरची तिसरी पिन पूर्वी ३.३ व्होल्टची होती. नव्या मानकात तिला वेगळे काम दिले : तिच्यावर व्होल्टेज आले की डिस्कने स्वतःला बंद ठेवायचे, म्हणजे सर्व्हरला अडकलेली डिस्क दुरून बंद-चालू करता येते. तुमचा पॉवर सप्लाय तिथे कायम ३.३ व्होल्ट देतो, म्हणून डिस्क आज्ञाधारकपणे झोपून राहते. चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरला साटा अडॅप्टर लावून वीज द्या, त्यात ३.३ व्होल्ट नसतोच. अडॅप्टर घेताना तारा प्लॅस्टिकमध्ये ओतलेला घेऊ नका, ते वितळून पेटल्याची उदाहरणे आहेत. तारा मागून दाबून बसवलेल्या असतात तो घ्या. अडॅप्टर नको असेल तर डिस्कच्या कनेक्टरवर तिसऱ्या पिनवर कॅप्टॉन (उष्णता सोसणाऱ्या) टेपची बारीक पट्टी चिकटवा. साधी सेलोटेप उष्णतेने सरकते.